लहान मुलांना घेऊन इमॅजिकाला जायचंय? आधी दाराच्या चौकटीशी त्यांची उंची मोजा

मी चिंचवडला बालवाडी शिकवते. तीन ते सहा वर्षांची मुलं दिवसभर माझ्या आजूबाजूला असतात, त्यामुळे ती कधी दमतात, कशाला घाबरतात, भूक लागली की रडायच्या आधी कशी गप्प होतात, हे मला त्यांच्या तोंडावरून कळतं. सुट्टी जवळ आली की पालक मुलाला सोडताना दारातच थांबतात. "ताई, इमॅजिकाला नेऊ का हिला? झेपेल का?" मी सांगते, जरूर न्या, पण सगळा दिवस घरातल्या सगळ्यात लहान मुलाची उंची आणि त्याची दुपारची झोप बघून आखा. मोठ्यांची हौस त्यात बसवता येते. मोठ्यांच्या हौशीत लहान मूल बसवायला गेलं की दुपारी दोनला रडारड सुरू होते, आणि तिकिटाचे पैसे वसूल व्हायलाच हवेत म्हणून घरचे त्याला ओढत पुढच्या रांगेत नेतात. ते बघवत नाही.

इमॅजिका हे थीम पार्क, म्हणजे राइडचं मोठं उद्यान, खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. २०१३ साली सुरू झालं. पुण्याहून आणि मुंबईहून सकाळी निघून रात्री घरी येता येतं, म्हणून आपल्याकडच्या बहुतेक मुलांचं पहिलं थीम पार्क हेच ठरतं.

उंची आणि तिकीट

इथे वयापेक्षा उंचीला किंमत आहे. लहान मुलाचं तिकीट, मोठ्याचं तिकीट, अगदी छोट्याला मोफत प्रवेश, हे सगळं उंचीवर ठरतं, आणि प्रत्येक राइडपाशी उंचीची खूण असते. म्हणून जायच्या आठवडाभर आधी मुलाला अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून दाराच्या चौकटीशी उभं करा, डोक्यावर वही आडवी धरा आणि पेन्सिलीने खूण करा. फूट-इंच आणि सेंटिमीटर दोन्ही लिहून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तीन वर्षांच्या मुलाची मधली उंची साधारण ९५-९६ सेंटिमीटर आहे, चौथ्या वर्षी १०३ च्या आसपास आणि पाचव्या वर्षी ११० च्या. आपलं मूल याच्या थोडं अलीकडे-पलीकडे असेल तर काळजीचं कारण नाही, पण त्याला कुठे बसता येईल हे त्या खुणेवरून घरीच कळतं. मग इमॅजिकाच्या संकेतस्थळावरची राइडची यादी उघडा आणि मुलाला शेजारी बसवून फक्त त्याच्या उंचीच्या राइड दाखवा. नायट्रोचा व्हिडिओ दाखवू नका. तो मोठा रोलर कोस्टर आहे, लहानांसाठी नाहीच. आधी चित्र दाखवून नंतर दारातून परत पाठवलं, तर मुलाला तो अपमान वाटतो. रांगेत अर्धा तास उभं राहून मोजपट्टीपाशी नाकारलं गेलेलं पाच वर्षांचं मूल तुम्ही पाहिलं असेल, तर मी काय म्हणते ते तुम्हाला लगेच पटेल.

दोन मुलांच्या उंचीत फरक असेल तर हे आधी घरी बोला. "दादा त्यात बसेल, तेव्हा तू आणि मी हत्तींच्या राइडमध्ये बसू." एवढं एक वाक्य चार दिवस आधीपासून कानावर पडत राहिलं की तिथे भांडण होत नाही.

दिवस कोणता निवडायचा

शनिवार-रविवार टाळा, हे कोणीही सांगेल. मी त्यात भर घालते: नोव्हेंबर ते जानेवारीतले कामाचे दिवस रिकामे असतील असं धरून चालू नका. तो शाळांच्या सहलींचा मोसम. एकेका शाळेच्या चार-पाच बस येतात, गणवेशातली दोनशे मुलं एकदम रांगेत लागतात आणि तुमचं तीन वर्षांचं पिल्लू त्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढतं. पर्याय फेब्रुवारीचा. तेव्हा मोठ्या वर्गांच्या परीक्षा तोंडावर असतात, बालवाडीवाल्यांना त्याचं काही नसतं, आणि हवाही बरी असते. एप्रिल-मे मध्ये घाटाखाली ऊन आणि दमटपणा असा काही असतो की पुण्याच्या कोरड्या हवेत वाढलेली मुलं तासाभरात कोमेजतात. पावसाळ्यात तो सगळा परिसर हिरवागार आणि सुंदर दिसतो, पण मुसळधार पाऊस किंवा विजा सुरू झाल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात, आणि लहानांच्या राइड बऱ्याचशा उघड्यावरच आहेत.

वॉटर पार्क आणि स्नो पार्कची तिकिटं वेगळी असतात. पाच वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर एका दिवशी एकच घ्या. एकत्र तिकीट कितीही स्वस्त दिसलं तरी. तसंच पालीचा बल्लाळेश्वर आणि महडचा वरदविनायक जवळ आहेत म्हणून "जाता जाता दर्शन करून येऊ" असा बेत आजी-आजोबांकडून हमखास येतो. भावना खरी आहे, तिचा मान ठेवा, पण दर्शनाला दुसरा दिवस द्या. उद्यानाला लागून हॉटेल आहे, खोपोलीतही राहायची सोय होते. मुक्काम करणार असाल तर पहिल्या दिवशी उद्यान आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शांतपणे बाप्पा, हा क्रम चांगला.

आधीच्या आठवड्यात घरी करायच्या गोष्टी

बहुतेक जण इथे काहीच करत नाहीत, आणि माझ्या मते निम्मी सहल इथेच सुधारते किंवा बिघडते.

सगळ्यात आधी, मुलाला आई-बाबांची नावं पाठ करून घ्या. खरी नावं, आडनावासकट. बालवाडीत नवीन आलेल्या मुलाला मी विचारते, "आईचं नाव काय?" उत्तर येतं, "आई." बाबांचं नाव "बाबा" किंवा आजी जी हाक मारते ती, "बंड्या." गर्दीत चुकलेलं मूल गणवेशातल्या दादा-ताईला एवढंच सांगू शकलं, तर घोषणा कोणाच्या नावाने करायची? नाव आणि मोबाइलचे दहा आकडे गाण्याच्या चालीत बसवा, मुलं दोन-तीन दिवसांत पाठ करतात. तरी त्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला नंबर पेनाने लिहा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, घामाने पुसला जात नाही. पाठीवर नाव लिहिलेला शर्ट घालू नका. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मुलाला तो ओळखीचा वाटतो.

दुसरं, रांगेचा खेळ. घरातल्या खुर्च्या एकामागे एक लावा, बाहुल्या रांगेत बसवा आणि मुलाला तिकीट तपासणारा करा. "तुमचा नंबर अजून आला नाही हं, थांबा!" असं दुसऱ्याला दटावायला मिळालं की स्वतः थांबणं सोपं जातं. बालवाडीत घसरगुंडीसाठी आम्ही हाच खेळ वापरतो.

तिसरं, अंधार आणि आवाज. चादरीचा तंबू करून आत टॉर्च घेऊन बसा, भिंतीवर सावल्या करा. अलीबाबाच्या राइडमध्ये अंधाऱ्या खोल्यांतून गाडी जाते आणि हातातल्या बंदुकीने नेम धरायचा असतो. ज्या मुलांनी अंधारात हसण्याची सवय केली आहे त्यांना ती फार आवडते. आवाजाचं मात्र एक वेगळंच आहे, आणि ते कोणी सांगत नाही. लहान मुलं भुतापेक्षा जास्त घाबरतात ती प्रसाधनगृहातल्या हात सुकवण्याच्या यंत्राला. मूल कमोडवर बसलेलं असतं, पाय लटकत असतात, आणि पलीकडे कोणीतरी हात पुढे करतं. घर्रर्र! मूल दचकतं, शी-शू अर्धवट राहते, आणि मग दिवसभर ते पुन्हा तिकडे फिरकायला तयार नसतं. पोट दुखतं, मूल चिडचिडं होतं आणि घरच्यांना कारण कळत नाही. म्हणून प्रसाधनगृहात शिरताना सांगा, "आत एक वाऱ्याचं मशीन आहे, ते मोठ्याने ओरडतं, पण ते भिंतीवरून खाली येत नाही." आणि मूल बसलेलं असेपर्यंत आपल्या हातांनी त्याचे कान झाका. एवढंसं काम आहे, पण दिवस वाचतो.

घाट

मुंबईकरांना घाट लागत नाही, खोपोली घाटाच्या पायथ्याला आहे. पुणेकरांना किवळ्याहून द्रुतगती मार्गाला लागलं की लोणावळा संपताच उतार सुरू होतो आणि मुलांना मळमळतं. निघताना पेलाभर दूध पाजायची आयांना सवय असते, ती त्या दिवशी सोडा. निघायच्या तासभर आधी थोडा उपमा किंवा अर्धी पोळी, आणि गाडीत कोरडे चुरमुरे. तोंडात धरायला मोठ्या मुलांना आल्याची वडी किंवा आवळा चालतो, अगदी छोट्यांना कडक गोळी देऊ नका, घशात अडकते. मोबाइल बघायला देऊ नका. काच थोडी खाली करा आणि लांबचा डोंगर दाखवा. हाताशी दोन-तीन प्लास्टिकच्या पिशव्या आणि ओला रुमाल ठेवा.

पुणेकरांचा एक फायदा सांगते. शनिवारी सकाळी घाटात कोंडी होते ती मुंबईहून पुण्याकडे चढणाऱ्या बाजूला आणि रविवारी संध्याकाळी पुण्याहून मुंबईकडे उतरणाऱ्या बाजूला. म्हणजे शनिवार-रविवारशिवाय जमतच नसेल तर पुणेकरांनी बिनघोर जावं, बहुतेक वेळा ते कोंडीच्या उलट्या दिशेने असतात. मुंबईकरांना घाट चढायचा नसला तरी ते त्याच गर्दीबरोबर येतात, म्हणून त्यांनी मात्र शनिवारी उजाडायच्या आत निघावं.

पिशवीत काय

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं वेगळ्या पिशवीत वर ठेवा आणि तपासणीच्या टेबलापाशी आपणहून दाखवा. बाकी डबा गाडीत राहू द्या, तो संध्याकाळच्या भुकेला लागतो. दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उत्तम टिकते. दहीभात ठेवू नका, बंद गाडीतल्या उन्हात तो आंबतो.

आत नेण्याच्या पिशवीत प्रत्येक मुलाचे दोन कपडेजोड, चड्ड्या तीन, पंचा, टोपी, पाण्याची बाटली, आणि ओआरएसची पुडी. पुडीवर किती पाण्यात मिसळायची ते लिहिलेलं असतं, बहुतेक पुड्या एक लिटरच्या असतात. अर्धी पुडी अंदाजाने बाटलीत टाकू नका. फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस म्हणून घेऊ नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली, ती योग्यच केली. पुडी मिळाली नाही तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ, बस्स.

चपला नवीन नकोत. मागे पट्टा असलेल्या, रोजच्या वापरातल्या सँडल घाला. आणि मूल एरवी चालत असलं तरी बाबागाडी घ्याच, चार वर्षांच्या मुलासाठीसुद्धा. ती चालण्यासाठी नाही, झोपेसाठी लागते.

आत गेल्यावर

दार उघडायच्या अर्धा तास आधी पोहोचा. आत शिरल्या शिरल्या प्रत्येक मुलाचा उभा फोटो काढा, चपलांसकट. मूल चुकलंच तर आज त्याने काय घातलंय हे आठवत बसावं लागत नाही. मग एका मोठ्याकडे एक मूल अशी वाटणी तोंडाने, नाव घेऊन करा. "सगळे लक्ष ठेवतायत" म्हणजे कोणीच ठेवत नसतं. आत्याकडे चिनू, काकाकडे ओवी, आणि शू करून आणायचं असेल तेव्हा "मी नेते, आता ही माझ्याकडे" असं म्हणूनच हात बदलायचा.

पहिली राइड सगळ्यात सौम्य घ्या, घोड्यांचं मॅजिक कॅरोसेल. गर्दीच्या राइड आधी उरकाव्यात हा सल्ला मोठ्या मुलांच्या घरांना ठीक आहे. लहान मुलाला पहिल्या अर्ध्या तासात "मला हे जमतं" असं वाटलं पाहिजे, मग ते पुढचं सगळं आपणहून मागतं. त्यानंतर टबी टेक्स ऑफचे उडणारे हत्ती, वॅगन-ओ-ओ-व्हीलचा छोटा पाळणा, हॅपी व्हील्सच्या गाड्या. हम्प्टीज फॉल हा वरखाली करणारा मनोरा छोटा दिसतो, पण आधी खाली उभं राहून दोन फेऱ्या बघू द्या आणि मग मुलालाच विचारा. नाही म्हणालं तर नाही. "काही होत नाही रे, बस" म्हणून बळेच बसवलेलं मूल पुढच्या प्रत्येक राइडला नाही म्हणतं, हे मी पैजेवर सांगते.

टबी हत्ती हे तिथलं मुख्य पात्र आहे, माणूस आत शिरलेला भलामोठा पोशाख. मोठ्यांना फोटो हवा असतो. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला तो फार मोठा आणि न मिटणाऱ्या डोळ्यांचा प्राणी दिसतो. दहा पावलांवरून हात हलवून टाटा करू द्या. पुष्कळ मुलं संध्याकाळी स्वतःच जवळ जातात, तेव्हा फोटो काढा.

जेवण बाराला. एकला सगळं उद्यान जेवायला येतं. साधा भात-वरण किंवा इडली असं ओळखीचं काही घ्या. नवीन पदार्थ चाखण्याचा तो दिवस नाही. जेवणानंतर कडक उन्हात आतल्या, गार खोल्यांच्या राइड करा. आय फॉर इंडियामध्ये प्रचंड पडद्यावर आपला देश वरून उडत बघितल्यासारखा दिसतो, आणि आजी-आजोबांनाही तो मनापासून आवडतो. सलीमगडात मात्र लहानांना नेऊ नका, तो भुताखेतांचा अंधार आहे. रॅथ ऑफ द गॉड्समध्ये आग, पाणी आणि गडगडाट असतो, पाच वर्षांखालच्या मुलांसाठी तोही टाळा.

दीडच्या सुमाराला, मूल जागं असलं तरी, बाबागाडीची पाठ खाली करा, पातळ ओढणी सावलीसाठी वरून घ्या, वारा खेळता राहील अशी, आणि हळू चालत राहा. मूल झोपलं की सावलीतलं बाकडं धरा. हीच मोठ्यांची वेळ. आजी किंवा मावशी झोपलेल्याजवळ बसते, बाकीचे नायट्रो, डीप स्पेस, गोल्ड रश एक्स्प्रेस, काय ते करून येतात. जाताना परत यायची वेळ आणि जागा पक्की करा. "इथेच कुठेतरी" नको, त्या बाकड्याचं नाव ठरवा, "कॅरोसेलसमोरचं, झाडाखालचं." आई आणि बाबा दोघंच आले असतील तर आळीपाळीने जा, एकाने एक मोठी राइड करावी, मग दुसऱ्याने. आणि जी बसते तिलाही उठून जायची पाळी द्या. दरवेळी आजीच बसते आणि आईच बसते, हे मला मान्य नाही. साठीची बाई अलीबाबात हसत बंदूक चालवते, मी पाहिलंय.

साडेतीन-चारनंतर पाण्याचं. बंप इट बोट्स, मग स्प्लॅश अहॉय, जिथे नावेत बसून एकमेकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारायच्या. उंची भरत असेल आणि अंधाराचं भय नसेल तर राजासॉरस ही डायनोसॉरची पाण्यातली राइड. घरी जाताना मुलांना सांगा, की राजासॉरस हा खरोखरचा डायनोसॉर आहे, आपल्या गुजरातेत नर्मदेच्या भागात त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस असं नाव दिलं. भिजून झालं की तिथल्या तिथे कोरडे कपडे, आतल्या चड्डीसकट. ओल्या कपड्यांत संध्याकाळच्या वाऱ्यात उद्यानातली परेड, म्हणजे नाचगाण्याची मिरवणूक, बघणारी मुलं दुसऱ्या दिवशी नाक गळत माझ्या वर्गात येतात.

परेडला जागा पंधरा मिनिटं आधी धरा आणि वाद्यांच्या अंगाला नको, कडेला उभे राहा. मूल खांद्यावर घ्या.

खेळण्यांचं दुकान वाटेत लागतंच. तिथे "नाही, नाही" म्हणत बाहेर ओढण्यापेक्षा सकाळीच छोट्या पाकिटात ठरलेले पैसे घालून मुलाच्या हातात द्या, म्हणजे समजा दोनशे रुपये. काय घ्यायचं ते मुलाने ठरवायचं, आपण फक्त किंमत वाचून दाखवायची.

निघताना वाहनतळावरच मुलांना शू करवून, तोंड-हातपाय पुसून, रात्रीचे कपडे घाला. दशम्या तिथेच उघडा. घाट चढायच्या आधी दोन घास पोटात गेलेले असले की मूल घरी उचलून थेट अंथरुणावर ठेवता येतं, जेवायला उठवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी घ्या. आम्हा ताईंना आदल्या दिवशी नुसतं सांगून ठेवा, आम्ही काही म्हणत नाही. आणि परवा मूल शाळेत येईल तेव्हा त्याच्या दप्तरात सकाळी काढलेला तो उभा फोटो पाठवा. गोलात बसवून आम्ही त्याला सगळ्या वर्गाला सहल सांगायला लावतो.